करंगळीची जागा

वर्लीन स्टिडम आली ती रात्रपाळी संपवून,
बुटांना घाटातला चिखल,
आणि काउंटरवर ठेवलं रिव्हॉल्व्हर
फडक्यात गुंडाळून, उकडलेल्या अंड्यासारखं.
पाच गोळ्यांचं. रिकामं आहे, म्हणाली.
तरी मी चक्र उघडून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं.
तिनं वाईट वाटून घेतलं नाही.

"मूठ बदलून दे, हॉबर्ट.
ही स्वेटरला धरते."

रबर धरतंच.
हाताला घट्ट, लोकरीलाही घट्ट,
कुणाला कधी सोडावं हे त्याला कळत नाही.
रुग्णाची कूस बदलायला ती वाकते
आणि स्वेटर वर चढतो,
घरच्या सुनेला दिसतं
जे दिसू नये.

तेवीस वर्षं मी खाणीत यंत्रं दुरुस्त केली.
आता मुठी करतो, मागच्या खोलीत,
काळ्या अक्रोडाच्या.
केंटकीत ते झाड कुणी लावत नाही, ते असतंच.
किराण्याच्या तपकिरी पिशवीवर तिचा हात ठेवला
आणि पेन्सिल फिरवली बोटाबोटाभोवती.
सांधे सुजलेले. अंगठीची जागा पांढरी.
मी विचारलं नाही.

आधी दिली चेरीची, पातळ,
वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीएवढी.
लपायला तिच्यासारखी नाही.
दुकानामागच्या मातीच्या कड्यावर तिनं झाडल्या
तीन.
उरलेल्या दोन माझ्या हातात परत दिल्या.
अंगठ्याच्या बेचक्यात लाल वळ,
मधल्या बोटाचं पेर कडीनं सोललेलं.

मग मोठी. पोलादाची पाठ पूर्ण झाकणारी,
पाचही बोटांना घर.
"अगं बाई," ती हसली, "हे तर हस्तांदोलन!"
पण आरशात पाहिलं तर कमरेला
कुणी बटाटा बांधून दिल्यासारखं.

तेव्हा मी तिला सांगितलं
जे सगळ्यांना सांगतो:
दोन बोटांची मूठ घे,
पाठ झाकलेली, बूड कापलेलं.
करंगळीला जागा नाही.
ती खाली दुमडून ठेवायची, लोंबू द्यायची नाही.

"त्याची सवय आहे," ती म्हणाली.

तिच्या बॅगेत मरणाऱ्यांची झोप असते,
दुखण्यावरच्या पट्ट्या, मोजून.
कुठल्या गाडीत, कुठल्या वारी,
हे डोंगरात सगळ्यांना ठाऊक.
ऑक्टोबरात पुलावर दोघे आडवे उभे राहिले.
त्यातल्या एकाला तिनं रविवारच्या शाळेत
नोहाची नाव रंगवायला शिकवलं होतं.
जिराफाला त्यानं निळा रंग दिला होता.
नाव सांगता सांगता ती थांबली
आणि विचारलं,
लाकडाला तेल कुठलं लावायचं.

जवसाचं, म्हणालो. हलक्या हातानं.
चकाकी नको. चकाकी बोलते.

नऊ दिवस घासली.
कानशीने, मग कागदाने, मग नुसत्या अंगठ्याने.
डोळे मिटून धरून पाहिली,
पिशवीवरच्या त्या रेषा आठवत.
झाकल्या मुठीला लोक लाख म्हणतात, सव्वा लाख म्हणतात;
मी पंच्याऐंशी डॉलर लावले.
तिनं एक एक नोट सरळ करून ठेवली.

परत ती दिसली थेट मार्चमध्ये,
म्हाताऱ्या एस्टिल कॉडिलला पुरताना.
शेवटचे चार महिने तिनंच त्याला पाहिलं होतं.
मी तिच्या उजव्या कमरेकडे बघत होतो,
स्मशानात, प्रार्थना चालू असताना,
देवा माफ कर, कारागीर कुठेही कारागीरच.
ती माती घ्यायला वाकली.
स्वेटर सरळ राहिला.
आत काही होतं की घरी ठेवून आली होती,
मला सांगता येणार नाही,
आणि माझं काम नेमकं तेच होतं.

मग तिनं मूठ उघडली.
ओली माती, गुठळ्यांची, खाली गेली.
चार बोटं उघडली होती.
करंगळी
दुमडलेलीच.